लांब्रुस्को घेताय? आधी लेबल वाचा

उत्तर इटलीत मोदेना, रेज्जो एमिलिया किंवा पार्मा भागात जेवायला बसलात, की टेबलावर लाल, फेसाळ वाइन येते. तिचं नाव लांब्रुस्को. तुम्ही वाइन घेत नसाल, तर कुणाच्या आग्रहाला बळी पडू नका. घेत असाल, तर एवढ्या गोष्टी ध्यानात ठेवा.

आधी गोडी बघा. लेबलवर 'सेक्को' असेल तर वाइन ड्राय, म्हणजे गोडी नसलेली. 'अमाबिले' गोडसर. 'दोल्चे' चांगलीच गोड. न वाचता बाटली घेतली, की पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं आणि पैसे वाया जातात.

मग द्राक्ष बघा. लांब्रुस्को हे एकच द्राक्ष नाही, त्याच्या बऱ्याच जाती आहेत. मोदेनाकडची तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. सोर्बारा रंगाने फिकी, जवळजवळ गुलाबी, चवीला आंबटसर आणि हलकी. कास्तेल्वेत्रोची ग्रास्पारोस्सा गडद जांभळी आणि जराशी तुरट. सालामिनो या दोघींच्या मधली. तिखटाबरोबर घ्यायची असेल तर गोडसर निवडा. तिखट आणि तुरट एकत्र आलं की जीभ चुरचुरते.

रिकाम्या पोटी घेऊ नका. ही जेवणाबरोबर घ्यायची वाइन आहे. तिकडचं जेवण तुपकट, चरबीचं. पार्माचं हॅम, मोर्तादेल्ला सॉसेज, पार्मेझान चीज, न्योक्को म्हणजे तळलेल्या पिठाच्या फुगीर पुऱ्या. वाइनच्या आंबटपणाने आणि बुडबुड्यांनी जिभेवरचा ओशटपणा निघून जातो, पुढचा घास चवीने खाता येतो.

शाकाहारी असाल तर ऑर्डर देण्याआधी विचारा. खऱ्या पार्मेझानमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. न्योक्को पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत तळतात. तोर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणातही बहुधा डुकराचं मांस असतं. एक दिसायला साधी पुरी आणि दुसरी करंजी वाटते, म्हणून फसू नका.

बाटली उघडण्याआधी फ्रीजमध्ये चांगली गार करा. हलवू नका. गरम किंवा हललेल्या बाटलीचं बूच जोरात उडतं आणि डोळ्याला लागू शकतं. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर ठेवा, बुचावर अंगठा दाबून धरा आणि बाटली हळूहळू फिरवा. ग्लासात एकदम ओतू नका. आधी जांभळट फेस वर येतो. तो बसला की पुढची ओता.

ड्राय लांब्रुस्कोत साधारण 11 टक्के अल्कोहोल असतं. गोड प्रकारात त्याहून कमी, पण गोड असल्यामुळे ती भराभर पोटात जाते. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी प्या. गाडी चालवायची असेल तर एक घोटही नको. गरोदरपणात नको. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलं घरात असतील तर भरलेला ग्लास टेबलावर सोडून उठू नका. मुलांना ही वाइन कोकम सरबतासारखी दिसते.

घरी बाटली आणलीत, तर जुनी झाल्यावर चांगली लागेल म्हणून वर्षानुवर्षं ठेवू नका. ही ताजीच प्यायची वाइन आहे. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फेस गेला, की तिची निम्मी चव गेली.