घर विम्यात, मोरी वाऱ्यावर

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यातील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा अनेक गृहस्थांना घराच्या विम्याची आठवण झाली असेल. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी तशी उदारच म्हटली पाहिजे. पूर, भूकंप तर तिच्यात आहेतच. पण नळ-टाक्या फुटून होणारे नुकसानही आहे, आणि शौचालयाची टाकी घराचाच भाग मानली आहे. मग बीडच्या वा अंबाजोगाईच्या घरमालकाने निश्चिंत राहावे काय? मुळीच नाही. पुराने टाकी खचली तर भरपाई मागता येते. परंतु ३० वर्षांची जुनी मैलावाहिनी झिजून, पिंपळाची मुळे शिरून ऐन दिवाळीत तुंबली, तर खोदाईचा खर्च मालकाच्याच माथी! अमेरिकेत अशा वाहिनीसाठी थोड्या अधिक हप्त्यात जोडविमा मिळतो. आपल्या कंपन्यांनी तो का देऊ नये? वाहिनी तपासून द्यावा. आमची हरकत नाही.

खर्च अंगावर आला की माणूस स्वस्त वाट शोधतो, आणि ती वाट सफाई कामगाराला टाकीत उतरविण्याची असते. सुरक्षासाधनांविना असे उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरीही सुशिक्षित घरांतून ‘एखादा माणूस पाठवा’ असा निरोप जातोच. उपसा यंत्राची गाडी येण्यास उशीर लागतो, ही सबब आम्हांस मान्य नाही. तोवर शेजाऱ्याचे शौचालय वापरावे.