वॉशिंग्टनचा निकाल आणि हिंगोलीचा कापूस

६ नोव्हेंबर २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांचा विजय निश्चित झाला, तेव्हा महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाला दोनच आठवडे उरले होते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरलेला असताना मराठवाड्यातील मोंढ्यांत माल त्याहून कितीतरी कमी दराने विकला जात होता, आणि हिंगोली जिल्हा त्याला अपवाद नव्हता. मराठी वाहिन्यांच्या पडद्यावर मात्र त्या दिवशी पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनची मतमोजणी चालली होती.

देशभर उमटलेल्या प्रतिक्रिया पाहण्याजोग्या होत्या. तामिळनाडूतील तुळसेंद्रपुरम हे कमला हॅरिस यांचे आजोळचे गाव. तेथील देवळात त्यांच्यासाठी पूजा झाली होती. आंध्रातील वडलुरू गावाला उपाध्यक्षांच्या पत्नीचे मूळ गाव म्हणून आनंद झाला. ट्रम्प यांच्या यशासाठी दिल्लीच्या जंतरमंतरवर हवन करणाऱ्यांनी तर २०१६ सालीच आपली निष्ठा कळवून टाकली होती. मुंबईचा शेअर बाजार त्या एका दिवसात सुमारे ९०० अंशांनी वर गेला आणि संगणक कंपन्यांचे भाव विशेष चढले. एकाला रक्ताचे नाते दिसले, दुसऱ्याला धर्माचा कैवारी, तिसऱ्याला नफा. खुद्द अमेरिकेत विजेत्याला ५० टक्केही मते मिळालेली नव्हती आणि दोन्ही उमेदवारांत जेमतेम दीड टक्क्याचे अंतर होते, याची दखल या जल्लोषात कोण घेणार?

पुरोगामी गोटातील शोकही फारसा समंजस नव्हता. वंशद्वेषी प्रचार विजयी झाल्याचे दुःख रास्त आहे. परंतु हॅरिस जिंकत्या तर भारतातील कष्टकऱ्यांचे भले होते, हे गृहीतक कशाच्या आधारावर? १९७१ साली सातवे आरमार बंगालच्या उपसागरात धाडणारे निक्सन रिपब्लिकन होते, हे खरे. पण व्हिएतनामवरील भारताच्या टीकेचा राग धरून दुष्काळात गव्हाची जहाजे थेंबाथेंबाने सोडणारे जॉन्सन डेमोक्रॅटच होते. २०१३ साली बाली येथे भारताच्या सरकारी धान्यखरेदीला कायमची मुभा नाकारणारे शासनही ओबामांचे होते. बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाऊन दिवस काढलेल्या मराठवाड्यातील पिढीला परक्या धान्यावर जगणे काय असते, हे तरी समजावून सांगावे लागू नये.

१९६४ हेही अमेरिकन निवडणुकीचेच वर्ष होते. जॉन्सन की गोल्डवॉटर, असा वाद तेव्हा जगभर रंगला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात राममनोहर लोहिया मिसिसिपीतील जॅक्सन येथे केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात गेले आणि त्यांना अटक झाली. अमेरिकेतील कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे त्यांनी उमेदवारांच्या यादीवरून ठरवले नव्हते.

निकालाचा खरा अर्थ हिंगोलीला कळायला नऊ महिने लागले. ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के जकात लागली आणि रशियन तेलाचे निमित्त करून २७ ऑगस्टला ती ५० टक्क्यांवर नेण्यात आली. तयार कपड्यांची निर्यात धोक्यात येताच गिरणीमालकांनी स्वस्त कापसाची मागणी केली आणि केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. ही माफी प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती. पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे मराठवाड्यातील पहिल्या वेचणीपासून ऐन हंगामापर्यंत परदेशी गाठींना दार मोकळे राहिले. जकात वॉशिंग्टनने लादली, झळ गिरणीला लागली आणि भरपाई सेनगाव-कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून वसूल झाली. त्याच सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली होती. स्पर्धा तरी कोणाशी? अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्धचा दावा ब्राझीलने २००५ साली जागतिक व्यापार संघटनेत अपिलातही जिंकला होता. अखेर २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर मोजून तो मिटवला. उलट भारताचा कापसाचा हमीभावच नियमबाह्य असल्याची तक्रार तिने २०१८ साली त्याच संघटनेत नोंदवली.

जल्लोष करणारा सुशिक्षित वर्गही सुटला नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय बेड्या घालून अमृतसरला उतरवण्यात आले. सप्टेंबरात नव्या एच-१बी परवान्यासाठी एक लाख डॉलर शुल्क जाहीर झाले आणि निकालाच्या दिवशी उसळलेले संगणक कंपन्यांचे समभाग घसरले.

ट्रम्प यांना भरभरून मते देणाऱ्या आयोवातील सोयाबीन उत्पादकाचे काय झाले, तेही कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांपुढे मांडावे. व्यापारयुद्धात चीनने २०२५ साली अनेक महिने अमेरिकन सोयाबीनची खरेदीच थांबवली. आपल्याच अध्यक्षाच्या धोरणाने तोही भरडला गेला. फरक एवढाच की डिसेंबरात त्याच्यासारख्या शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. हिंगोलीच्या सोयाबीनला त्या हंगामात ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला होता आणि मोंढ्यात दर पुन्हा त्याच्या खालीच राहिला.