जाहीर इशारा : पंचांशिवाय घरात पाऊल टाकू नका

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत झडती व जप्तीचा अधिकार वापरणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास हा जाहीर इशारा आहे.

झडतीविरुद्ध अमेरिकेसारखे कलम आपल्या घटनेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली एम. पी. शर्मा खटल्यात म्हटले होते. त्या निकालाआड आता कोणी लपू नये. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा अनुच्छेद 21 मधला मूलभूत हक्क ठरवला आहे. हा हक्क खोपोलीच्या बंगल्याला आहे, तेवढाच कातकरी वाडीवरच्या कुडाच्या झोपडीलाही आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता काय सांगते, ते पाळा :

1. कलम 103 : झडतीपूर्वी परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच बोलवा. ठाण्यात कायम बसलेला पंच चालणार नाही. जप्त वस्तूंच्या सहीच्या यादीची प्रत घरमालकाला द्या. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, तिची अब्रू राखून घ्यावी.

2. कलम 105 : झडती, जप्ती आणि यादीवरच्या सह्या यांचे ध्वनिचित्रमुद्रण करा व ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवा.

3. कलम 185 : वॉरंटाविना झडती घ्यायची तर कारणे आधी लेखी नोंदवा. त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे.

रस्त्यात अडवून मोबाईल उघडायला लावणे हीसुद्धा झडतीच आहे. कोऱ्या पंचनाम्यावर अंगठा घेणे हा तर सरळ अपराध आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. पंधरा दिवसांच्या आत दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक पोलीस ठाण्यात हे नियम मराठीत, दर्शनी भागी लावा. तसे न झाल्यास प्रत्येक झडतीचे मुद्रण व पंचनामा माहिती अधिकारात मागवू. जिथे नियम मोडलेला आढळेल, तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम 198 खाली त्या अधिकाऱ्याविरुद्ध वैयक्तिक तक्रार करू आणि अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात जाऊ. कलम 198 मध्ये एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. वरून आदेश होता, ही सबब ऐकली जाणार नाही.

हा कर्जत तालुका भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांचा आहे. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते परकीय सत्तेशी लढताना हुतात्मे झाले. स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी इथल्या माणसाशी परकीयांसारखे वागू नये.

नागरिकांनो, बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा केवळ तेवढ्या कारणाने बाद होत नाही, हे पूरणमल खटल्यापासून ठरलेले आहे. म्हणून नंतर कोर्टात पाहू, असे म्हणू नका. हक्क दारातच मागा. अंगावर जाऊ नका, अडथळा आणू नका. नाव व हुद्दा विचारा, पंच मागा, चित्रण मागा, यादीची प्रत मागा. आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.