आपल्याकडे लागत नाही!

कुठल्याही गॅरेजमध्ये जा, गाडी गरम होते म्हणून सांगा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "साहेब, थर्मोस्टॅट आपल्याकडे लागतच नाही. तो थंड मुलखासाठी असतो. काढून टाकू, इंजिन एकदम गार राहील."

मी हे ऐकलं, मान डोलावली आणि वर काकांनी मागवलेला चहासुद्धा प्यायलो. चार वर्षं मेकॅनिकल शिकून आयटीत पाट्या टाकणाऱ्या माणसाने असं करावं म्हणजे कहर आहे, पण केलं. किंमत? सव्वीस हजार रुपये. शिवाय मे महिन्याच्या उन्हात, पसरणी घाटात, वाफा ओकणाऱ्या बॉनेटशेजारी अडीच तास ताटकळलेले आई-बाबा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आत्या.

तेव्हा आज जरा चिडूनच लिहितोय.

थर्मोस्टॅट म्हणजे काही इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. धातूच्या बोटभर डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला, समजा ८२ अंशांना, ते वितळायला लागतं, फुगतं आणि झडप उघडते. ना वायर, ना सॉफ्टवेअर. १९३० च्या दशकातली ही युक्ती आजही बहुतेक गाड्यांत आहे. इंजिन गार असेल तर कूलंट रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, तापलं की जाऊ द्यायचं. म्हणूनच "पुण्यात कसली आलीय थंडी" हा युक्तिवाद पटकन पटतो. पण इंजिनाला ९० अंशांच्या आसपास राहायचं असतं हो! त्याच्या दृष्टीने पुण्यातला चाळीस अंशांचा मे महिनासुद्धा थंडीच. त्याखाली राहिलं की ईसीयूला वाटतं गाडी अजून वॉर्म-अपमध्येच आहे, मग तो पेट्रोल जास्त सोडत बसतो. ऑइलमध्ये शिरलेलं पाणी उडून जात नाही, गाळ होतो. डिसेंबरमध्ये माझं अ‍ॅव्हरेज पडलं तेव्हा मी पंपवाल्याला शिव्या घालत होतो. (सॉरी बॉस.)

आता खरी गंमत. बऱ्याच इंजिनांत, माझ्याही, थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी खालची चकती बायपासची वाट बंद करते. बायपास म्हणजे रेडिएटरला वळसा घालून कूलंट परत इंजिनात नेणारा रस्ता. थर्मोस्टॅट उपटला की रेडिएटरची वाट कायम उघडी राहते हे खरं, पण बायपाससुद्धा कायम उघडा राहतो! मग उकळत्या कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, घाटात नाही. म्हणजे गाडी गरम होऊ नये म्हणून केलेल्या इलाजानेच गाडी गरम होते.

इथे आपल्याच बाजूचे काही विद्वान म्हणतात की थर्मोस्टॅट नसेल तर पाणी रेडिएटरमधून इतकं सुसाट जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. साफ चूक. प्रवाह वाढला तर उष्णता जास्तच निघते. निष्कर्ष बरोबर असला म्हणून कारण काहीही ठोकून द्यायचं नसतं.

मुळात गाडी गरम का होत होती? कारण आधीच्या मालकाने आणि नंतर मी त्यात वर्षानुवर्षं टँकरचं पाणी ओतलं. पुन्हा तेच, "इथे बर्फ कुठे पडतो, अँटीफ्रीझ कशाला?" आणि हो, नुसतं पाणी उष्णता ग्लायकॉलपेक्षा चांगली वाहून नेतं, हे मान्य. पण गंज आणि क्षार? कूलंटची गंजाची एक साधी चाचणी आहे, एएसटीएम डी १३८४. तांबं, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम अशा सहा धातूंचे तुकडे ८८ अंशांवर तब्बल ३३६ तास बुडवून ठेवतात. आणि त्यात क्लोराइड, सल्फेट मुद्दाम घालून खराब केलेलं पाणी मिसळतात. तुमच्या-आमच्या सोसायटीचं पाणी कुणीतरी आधीच गृहीत धरलंय! आपण त्यातलं कूलंट वगळून फक्त पाणी ठेवतो.

"आमच्या काकांची अँबॅसिडर पाण्यावरच चालली." चालली ना. तिचं हेड बिडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा होता आणि काका रोज सकाळी झाकण उघडून बघायचे. आज हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटरच्या नळ्या कागदाशी स्पर्धा करणाऱ्या, टाक्या प्लास्टिकच्या आणि आपण सर्व्हिसिंगची तारीखसुद्धा मेसेज आल्यावर बघतो.

ही सिस्टीम बनवणाऱ्याने डोळ्यांसमोर कुठला प्रसंग ठेवलेला असतो? खडा चढ, गाडी भरलेली, एसी चालू, वेग इतका कमी की समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर. म्हणजे मे महिन्यातला पसरणी घाटच की! झाकणाचा दाबसुद्धा त्यासाठीच. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे, तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९६ अंशांनाच उकळतं. झाकणाने एक बार दाब धरला तर तेच १२० च्या आसपास जातं. माझ्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं होतं. कुणी बघितलंच नव्हतं. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, फेसिंग मारावं लागलं.

आपण एआरएआय टेकडीवर फिरायला जातो आणि खाली येऊन चाचण्या करून बनवलेला पार्ट "लागत नाही" म्हणून काढून देतो. आणि गॅरेजवाल्याला हसू नका. फेल होणारी टेस्ट कॉमेंट करून बिल्ड हिरवं करणारे आपणच. फरक इतकाच की आपल्या बिल्डमध्ये आत्या बसलेली नसते.

नंतर मी त्या काकांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खरं तर. त्यांनी शांतपणे रंगाचा एक जुना डबा पुढे केला, त्यात काढलेले दहा-बारा थर्मोस्टॅट. "यातला तुमचा कुठला ते मला पण नाही सांगता येणार." तीन घेऊन आलो. आईने जुनं पातेलं दिलं, पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही या अटीवर. थर्मामीटर सोडला, दोऱ्याने एकेक लटकवला. एक हललाच नाही, पार अडकलेला होता. बाकीचे दोन ८३-८४ ला टचकन उघडले. दोन्हींवर छाप होता, ८२.