बातमी दारात, वर्ग पडद्यावर

‘ऑनलाइन शिकवून पत्रकार घडत नाही’ हे वाक्य २०२० नंतर इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. त्याच्या जोडीला दुसरंही येतं : ‘हातात मोबाइल आला की जो तो पत्रकार, मग शिकवायचं काय?’ पहिलं वाक्य ज्येष्ठांचं, दुसरं तरुणांचं. मला दोन्ही चूक वाटतात. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला तर ती चूक अधिकच स्पष्ट दिसायला हवी.

पहिल्या वाक्यामागे टाळेबंदीचा अनुभव आहे. मार्च २०२० मध्ये वसतिगृहं रिकामी झाली. कुणी आर्वीला गेलं, कुणी आष्टीला, कुणी समुद्रपूरकडच्या खेड्यात. रेंज मिळावी म्हणून मुलं गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर फोन धरून बसली. आणि त्यांच्या कानी काय पडलं? मुद्रणाचा इतिहास, संज्ञापनाच्या व्याख्या. माइक बंद, कॅमेरा बंद, हजेरी पूर्ण. हे फसलं, हे मान्य. पण यात ऑनलाइन शिक्षण फसलं असं म्हणता येत नाही. फसलं ते वर्गातलं व्याख्यान, उचलून जसंच्या तसं पडद्यावर ठेवलेलं. त्याच दिवसांत त्या मुलांच्या घरांसमोर रेशनची रांग होती, शहरातून परतलेली माणसं गावच्या शाळेत विलगीकरणात होती आणि न विकलेला कापूस घराघरांत पडून होता. बातमी दारात उभी होती आणि आपण वार्ताहराला आत बसवून ठेवलं.

दूर राहून हे काम होत नाही असं म्हणणाऱ्यांनी सेवाग्रामकडे पाहावं. गांधीजी १९३६ साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले तेव्हा त्यांचं साप्ताहिक ‘हरिजन’ पुण्यात छापलं जात होतं. मजकूर या खेड्यात लिहिला जाई आणि शेकडो मैलांवर खिळ्यांत बसे. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई भर उन्हात वर्धा-शेगाव पायी ये-जा करत. संपादक आणि छापखाना यांच्यात अंतर होतं, पण लिहिणारा आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ती माणसं यांच्यात नव्हतं. पत्रकारितेच्या शिक्षणात पडू द्यायचं नाही ते हे दुसरं अंतर. गुरू आणि शिष्य यांच्यातलं अंतर तार, टपाल, व्हिडिओ कॉल, कशानंही भरून निघतं.

गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचा विचार ज्या शिक्षण परिषदेत मांडला गेला, ती ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरली होती. हातातलं काम मध्ये आणि विषय त्याच्या अवतीभवती, ही नई तालीमची मांडणी. आज विद्यार्थ्याच्या हातात फोन आहे. त्या फोनवर फक्त व्याख्यान ऐकवायचं, की त्या फोननं काम करून घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता दुसरं वाक्य. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. मोबाइल हातात असणं म्हणजे पत्रकारिता येणं नव्हे, याचा याहून भयंकर पुरावा मला देता येणार नाही. आपल्या हिंगणघाटचंच पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं गेलं, आठवडाभरात ती गेली. समाजमाध्यमांवर निकाल त्याच दिवशी लागला होता, न्यायालयाचा लागायला दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत ‘आरोपी’ लिहायचं की ‘गुन्हेगार’, कोणतं छायाचित्र वापरायचं नाही, रुग्णालयाच्या दारात आईबापांना काय विचारायचं नाही, हे आपोआप कुणाला येत नाही. ते शिकवावं लागतं.

कसं, ते एका उदाहरणानं सांगतो. कापसाच्या हंगामात ग्रुपवर मेसेज येतो : ‘सीसीआयची खरेदी उद्यापासून बंद.’ सीसीआय म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ. मेसेज वाचून घाबरलेला शेतकरी मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला कापूस घालून मोकळा होतो. विद्यार्थ्यानं काय करायचं? मेसेजवर तारीख आहे का, ते पाहायचं. बाजार समितीच्या सचिवांना फोन लावायचा. मग केंद्रावर जायचं. तिथे ग्रेडर गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात, त्यावर गेला की गाडी परत. परतलेल्या गाडीचा फोटो कुणीतरी टाकतो आणि त्याची ‘खरेदी बंद’ होते. हिंगणघाट, देवळी, आर्वी, सेलू इथल्या चार मुलांनी त्याच दिवशी चार केंद्रं पाहावीत, रात्री कॉलवर एकत्र यावं आणि शिक्षकानं त्यांची कॉपी सगळ्यांसमोर ओळ न् ओळ तपासावी. चार तालुक्यांतला माल एका रात्रीत एका टेबलावर आणणं वर्धा शहरातल्या बंद खोलीला जमणारं नाही.

सगळंच पडद्यावर होईल असं माझं म्हणणं नाही. कोर्टात कसं बसायचं, पोलीस ठाण्यातून एफआयआरची माहिती कशी काढायची, शेतकऱ्यानं जीव दिलेल्या घरी उंबऱ्याशी किती वेळ गप्प उभं राहायचं, यासाठी शिक्षक शेजारीच हवा. घरात फोन एकच आणि तो भावाकडे, ही अडचणही खरी आहे. मग भेटीचे दिवस वाढवा, डेटाचा खर्च संस्थेनं उचलावा, व्याख्यानं आधी रेकॉर्ड करून पाठवावीत. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांतून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घ्यायला यूजीसीनं २०२१ मध्येच मुभा दिली आहे. पुस्तकी भाग तिकडे जाऊ द्या आणि वाचलेले तास फिरस्तीला द्या.

आज तालुक्याच्या वार्ताहराकडून बातमीआधी पुरवणीची जाहिरात मागितली जाते. या मुलांतली बरीचशी उद्या त्याच जागी उभी राहणार आहेत. निदान शिकण्याच्या दोन वर्षांत तरी त्यांना निखळ बातमीदारी करू द्या. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. पत्रकारिता शिकवणाऱ्या प्रत्येक विभागानं येत्या कापूस हंगामापासून प्रत्येक तालुक्यात निदान एक विद्यार्थी नेमावा आणि त्याची पहिली बातमी त्याच्याच गावातून मागवावी.