डाकोटाची जुळणी आणि घरातली हवा

हिंदमाता चौकात पाणी साचले की मुले घरातच अडकतात. अशा दिवसांत विमानाची प्रतिकृती जुळवणे हा उत्तम विरंगुळा होय. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेले डाकोटा १:७२ प्रमाणात केले, तर त्याचा २९ मीटरांचा पंखविस्तार ४० सेंटिमीटरांत मावतो. प्रवासी डाकोटाला लष्करी रूप द्यायचे असल्यास शेपटीकडील डाव्या बाजूस सामानाचे रुंद दुहेरी दार कापावे लागते. कौशल्याचा खरा कस तेथेच लागतो; मुलांच्या हाती पाते मात्र देऊ नये, ते काम मोठ्यांनी करावे.

प्लॅस्टिकचा डिंक प्लॅस्टिक विरघळवूनच जोडतो. त्याची वाफ एका खोलीच्या घरात सर्वांच्याच श्वासात जाते आणि दमेकऱ्यास ती विशेष बाधते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी. पावसाची झड आत येत असेल, तर डिंकाचे काम उघडीप होईपर्यंत थांबवावे. घासकागद ओला करून वापरावा, म्हणजे भुकटी उडत नाही. रंग पाण्यात मिसळणारे निवडावेत. दर वीस मिनिटांनी नजर दूरवर न्यावी. जोड रात्रभर वाळू द्यावा. थांबणे हेही जुळणीचेच अंग आहे.