हाताला कळतं, म्हणे!

जुन्या गाड्यांवरच्या मराठी लेखात एक मिस्त्री हटकून असतो. वयस्कर, हात ग्रीसने काळे, बोलायला कमी. तो इंजिनाला कान लावून आजार ओळखतो, नट कसतो आणि म्हणतो, "मोजायचं काय साहेब, हाताला कळतं." लेखक गहिवरतो. आपण लेख वाचून तीन जणांना पाठवतो. मला या गहिवराचा राग येतो. मिस्त्रीचा नाही, गहिवराचा.

का, ते एका चाकावर सांगतो. जॅग्वार ई-टाइप. मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, १९७४पर्यंत कॉव्हेंट्रीत बनत राहिली. सगळे तिच्या लांबलचक बॉनेटबद्दल बोलतात. मी मागच्या चाकाच्या बेअरिंगबद्दल बोलणार आहे, म्हणजे फोटो काढण्यासारखं काही नाही.

मागच्या प्रत्येक चाकाचा हब दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो. ही दोन्ही ॲल्युमिनियमच्या एका घरात, एकमेकांच्या उलट दिशेनं बसलेली. रोलर शंकूच्या आकाराचे असल्यामुळे दोघांना जवळ आणलं की ती आवळतात, लांब ठेवलं की सैल होतात. किती सैल हवीत? हब आतबाहेर ०.००२ ते ०.००६ इंच हलला पाहिजे. म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतका.

आता हाताच्या भक्तांनी इथे लक्ष द्यावं. कित्येक जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकात हा सैलपणा नट ठरवतो. चाक फिरवत नट कसायचा, किंचित मागे घ्यायचा, स्प्लिट पिन घालायची. तिथे सरावलेल्या हाताला खरंच कळतं, मला मान्य आहे. ई-टाइपच्या मागच्या चाकात मात्र नट पूर्ण ताकदीनं कसायचाच असतो. त्याला मागे घ्यायची मुभा नाही. सैलपणा ठरवतो तो आत बसलेला एक स्पेसर, आणि तो १५ जाड्यांत मिळतो. ०.१०९ ते ०.१५१ इंच, प्रत्येक पायरी ०.००३ इंचाची, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर. हात कितीही अनुभवी असो, त्याला इथे करायला कामच ठेवलेलं नाही.

करायचं ते असं. आधी ०.१५० इंच जाडीचा मापाचा स्पेसर घालून जोडायचं आणि डायल गेज लावून हब किती हलतो ते पाहायचं. समजा ०.०३१ आलं. आपल्याला हवं मधलं, ०.००४. जास्तीचं ०.०२७ वजा केलं की ०.१२३ उरतं. सर्वांत जवळचा ०.१२४चा, म्हणजे 'एफ'. तो घालायचा आणि पुन्हा मोजायचं. झालं. दशांश अपूर्णांकांची वजाबाकी आहे, शाळेतली. (इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये डायल गेजची रीडिंग्ज कशी 'येतात' हे इथल्या अर्ध्या वाचकांना माहीत आहे. त्यावर वेगळा लेख होईल.)

आणि नेमका हाच भाग व्हिडिओतून कापलेला असतो. जुनं बेअरिंग प्रेसमधून बाहेर येतं, सुरेख आवाज होतो, नवं चकचकीत आत जातं, गाणं वाजतं. मापाबद्दल एक वाक्य: जुनाच स्पेसर परत टाका, इतकी वर्षं चाललाच की. अहो, तो चालला त्या जुन्या बेअरिंगांच्या जोडीबरोबर! नवी जोडी स्वतःची मापं घेऊन येते. ॲल्युमिनियमच्या घरात ती कितपत खोल टेकली, यावरही हजारांश इंच हलतात.

चुकीचा स्पेसर हाताला ओळखू येतो का? जाड असेल तर चाक डुगडुगतं. पण या गाडीत चाकापर्यंत जाणारा शाफ्टच सस्पेन्शनचा वरचा दांडा म्हणून काम करतो. त्यामुळे चाक धरून हलवलं की शाफ्टच्या सांध्यांचा आणि खालच्या दांड्याच्या बेअरिंगांचा सैलपणाही त्याच हाताला लागतो. कोणता कोणाचा, हात सांगत नाही. पातळ स्पेसर तर त्याहून वाईट. बेअरिंग आवळलेलं असतं, त्यामुळे गॅरेजात चाक अगदी घट्ट, नीट वाटतं. हात खूश. मग हमरस्त्यावर ते तापतं, ग्रीस पातळ होतं, रोलर खरवडायला लागतात. म्हणजे हात शाबासकी देतो ती चुकीच्या कामाला.

ब्रेकही सावध करत नाहीत. डिस्क चाकापाशी असती तर डुगडुगणाऱ्या हबनं ब्रेकपॅड मागे ढकलले असते, पेडल खोल गेलं असतं, चालकाला शंका आली असती. ई-टाइपच्या मागच्या डिस्क आत, डिफरन्शिअलपाशी आहेत. हब हलला तरी त्यांना पत्ता नसतो.

मग 'हाताला कळतं' हे इतकं लाडकं का? माझ्या मते, ते स्वस्त पडतं म्हणून. मिस्त्रीच्या हातात जादू आहे म्हटलं की त्याला डायल गेज घेऊन द्यावं लागत नाही. मापायला लागलेल्या दोन तासांचे पैसे द्यावे लागत नाहीत. सर्व्हिस मॅन्युअल त्याला कळेल अशा भाषेत करून द्यावं लागत नाही. आणि बेअरिंग गेलं की जादू ओसरली म्हणून त्यालाच बोल लावता येतो. डायल गेज चांगल्या बुटांच्या जोडीपेक्षा महाग नसतं, हो. मी पाहिलेल्या मिस्त्रींपैकी एकानंही हातात दिलेलं गेज परत केलेलं नाही. 'नको साहेब, हातच बरा' हे वाक्य लेखातच भेटतं.

माझ्या धंद्यात, सॉफ्टवेअरमध्ये, ही जमात टाय न घालता फिरते. "टेस्ट कशाला, मला कोड बघून कळतं." त्यांच्यावर कुणी हळवे लेख लिहीत नाही, एवढाच फरक.

कुणी जुन्या ई-टाइपचं मागचं काम 'अस्सल हातानं' करून घेतल्याचं कौतुक सांगू लागला, तर त्याला एकच विचारा: अक्षर कोणतं बसवलं? डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं.